खंडू निघाला जर्मनीला

आमच्या घराण्यात परदेशी जाण्याची परंपरा नाही. आजोबा एकदा रागाच्या भरात इंदूरपर्यंत गेले होते आणि राग उतरल्यावर परत आले, एवढीच काय ती आमची मुशाफिरी. त्यामुळे लेकीला जर्मनीत नोकरी लागली तेव्हा आम्ही उभयतांनी आधी नकाशा आणला आणि मग पेढे. ती गेली. रीतसर रडारड झाली. पंधरा दिवसांनी फोन आला.

"बाबा, घर मिळालं. खाली बाग आहे. आता खंडूच्या तयारीला लागा. डिसेंबरात येऊन घेऊन जाते."

खंडू हा आमचा कुत्रा. आमचा म्हणजे तिचा. सात वर्षांपूर्वी भर पावसात तिनं तो ओढणीत गुंडाळून आणला, तेव्हा "या घरात एक तर तो राहील नाही तर मी" असं मी ठणकावलं होतं. पुढे दोघंही राहिलो. आता तो माझ्या खाटेखाली झोपतो आणि मी पेपर वाचायला बसलो की अग्रलेखावर पाय ठेवून उभा राहतो.

कुत्र्याला परदेशी न्यायचं म्हणजे गळ्यात पट्टा अडकवून विमानतळावर जायचं, अशी माझी समजूत होती. डॉक्टरांनी ती पाच मिनिटांत दूर केली. आधी मानेजवळ, कातडीखाली, तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवायची. तिच्यात पंधरा आकडी नंबर असतो. माझ्या आधारकार्डावर आकडे बाराच. म्हणजे हा प्राणी पहिल्याच दिवशी मला तीन आकड्यांनी सरस ठरला.

"पण याला दर वर्षी रेबीजची लस देतोय हो," मी वही पुढे केली.

"चिपच्या आधीच्या लशी तिकडे धरत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "ती लस याच कुत्र्याला टोचली, हे कशावरून?"

यावर मी काय बोलणार? खंडूकडे पाहिलं. त्यालाही काही आठवत नव्हतं.

मग फॉर्म आला. त्यात जातीचा रकाना. मी म्हणालो, "गावठी."

"देशी लिहा हो," ही घाईघाईनं म्हणाली. "परक्या मुलखात गावठी बरं दिसत नाही."

चिप झाली, नवी लस झाली. त्यानंतर निदान तीस दिवस थांबायचं आणि मग रक्त काढायचं. त्यातलं पाणी युरोपीय संघानं मान्य केलेल्या प्रयोगशाळेत जातं. तिथं लशीची ताकद मोजतात. ती दर मिलिलिटरला निदान 0.5 युनिट भरली पाहिजे. भरली तरी लगेच निघता येत नाही. रक्त काढल्या दिवसापासून तीन महिने पुन्हा थांबायचं. कारण रक्त काढतेवेळी रोग आत दबा धरून बसला असेल, तर तेवढ्या काळात तो बहुधा डोकं वर काढतो. हे ऐकून जर्मन माणसाबद्दलचा माझा आदर वाढला. आमच्याकडे लग्नाआधी एवढी चौकशी करत नाहीत.

आता एक कबुलीजबाब. रक्त गेलं त्या रात्री मी देवापुढं उभा राहिलो आणि म्हणालो, "देवा, 0.4 येऊ दे." आयुष्यात परीक्षेच्या निकालासाठी पुष्कळ नवस बोललो, पण कुणी नापास व्हावं म्हणून बोललेला हा पहिलाच. देवानं ऐकलं नाही. खंडू भरघोस मार्कांनी पास झाला. हिनं शिरा केला. मला तो गोड लागला नाही.

तिथून मी पिंजऱ्याच्या नादी लागलो. विमानातला पिंजरा असा हवा की कुत्र्याला त्यात नीट उभं राहता यावं, वळता यावं आणि ऐसपैस आडवं होता यावं. गुंगीचं औषध देऊन चालत नाही. हवेत त्याचं काय होईल सांगता येत नाही, म्हणून विमानवाले बहुधा तसा कुत्रा घेतच नाहीत. तेव्हा त्याला आधीपासून पिंजऱ्याची सवय करायची. आधी दार उघडं ठेवून पिंजऱ्यासमोर जेवण, मग आत जेवण, मग दार एक मिनिट बंद, मग पाच, मग तासभर. तिसऱ्या आठवड्यात खंडू आपण होऊन आत जाऊन बसायला लागला.

"बघा, त्याला आवडलं!" ही म्हणाली.

मला मात्र मॉस्कोच्या रस्त्यावरची लायका आठवली. 3 नोव्हेंबर 1957 रोजी रशियानं तिला आकाशात पाठवलं. तिलाही अशीच सवय केली होती, लहान, आणखी लहान पिंजऱ्यात ठेवून. तिनं माणसांवर विश्वास ठेवला आणि तिला परत आणायची सोयच नव्हती. त्या कामातले शास्त्रज्ञ गझेन्को यांनी पुढं 1998 साली त्याबद्दल खेद बोलून दाखवला. जर्मनी म्हणजे काही अंतराळ नव्हे, हे मलाही कळतं. पण बिस्किटासाठी आत गेलेल्या कुत्र्याची ही 'संमती' म्हणायची का, हा प्रश्न काही पाठ सोडीना.

खालच्या मजल्यावरचे अण्णा संस्कृतचे निवृत्त मास्तर. त्यांना विचारलं. ते थेट महाभारताच्या सतराव्या पर्वात शिरले.

"युधिष्ठिरानं काय केलं? इंद्र रथ घेऊन दारात उभा. म्हणाला, कुत्रेवाल्यांना स्वर्गात जागा नाही. धर्मराज म्हणाला, जो माझ्या भरवशावर आला त्याला टाकून मला स्वर्ग नको. तुमची लेक तेच म्हणत्येय."

"पण अण्णा, ते कुत्रं हस्तिनापुरापासून आपल्या पायांनी मागं आलं होतं. त्याला कुणी डब्यात घालून नेलं नव्हतं."

अण्णा गप्प झाले. मास्तर गप्प झाला की विद्यार्थ्याला जो आनंद होतो, तो मला झाला. पण जिना चढेपर्यंतच टिकला.

रात्री लेकीलाच विचारलं. "अगं, पण त्याला विचारलंस का?"

"मला नाचाच्या क्लासला घालताना विचारलं होतंत?"

"तू लहान होतीस."

"मग तो काय प्रोफेसर आहे?"

गोष्ट खरी होती. ज्यांना विचारता येत नाही त्यांच्या वतीनं कुणाला तरी ठरवावंच लागतं. इथंच राहू दे म्हटलं, तरी तेही त्याला न विचारताच. मग प्रामाणिकपणा कसा तपासायचा? मी एक युक्ती केली. कागदावर मधोमध रेघ मारली आणि ठरवलं, की 'मला करमणार नाही' हे कारण कुठंही लिहायचं नाही. 'इथंच राहावं' या बाजूला गल्ली, ओळखीचे वास, कोपऱ्यावरचा वैरी काळ्या, आणि थंडी नाही, एवढं जमलं. दुसऱ्या बाजूला बाग, लेक, आणि आणखी एक गोष्ट, जी लिहायला मला दोन दिवस लागले. आज तो सात वर्षांचा, मी बाहत्तरचा. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तो म्हातारा होऊन त्याचे पाय जातील तेव्हा मी अठ्ठ्याहत्तरचा असेन. त्याला उचलून जिना कोण उतरवणार? आणि मुळात आधी नंबर कुणाचा लागणार?

कागद घडी करून खिशात ठेवला. दुसऱ्या दिवसापासून खंडूला मी मनापासून तयार करू लागलो. थंडीसाठी त्याच्या मापाचा स्वेटर हिनं विणायला घेतला. तिकडे कुत्र्यामागे नगरपालिकेचा कर भरावा लागतो, हे कळल्यावर मी त्याला म्हणालो, "नीट वाग. आता तू करदात्याच्या घरचा आहेस."

आता निघायला आठवडा उरलाय. सरकारी दाखल्यासाठी मुंबईची फेरी तेवढी बाकी आहे. डॉक्टरांनी परवा एक शेवटची सूचना दिली. पिंजऱ्यात मालकाच्या अंगाचा वास असलेलं एखादं कापड ठेवा, प्रवासात त्याला धीर येतो. लेकीचे कपडे केव्हाच धुऊन, इस्त्री करून कपाटात गेलेत. म्हणून मी माझा जुना बनियन घातला.

"अहो, निदान धुऊन तरी ठेवा," ही म्हणाली. "परदेशी जायचाय तो!"

"धुतला तर उपयोग काय?" मी म्हणालो.

पिंजऱ्यावरच्या चिठ्ठीत मालक म्हणून लेकीचं नाव आहे आणि ते बरोबरच आहे. खंडू आत गेला, बनियन हुंगला, त्यावर दोनदा गोल फिरला आणि झोपला. मी दार लावलं नाही. अजून आठवडा आहे.