गुणांचा धनी कोण?

अलेक्झांडर मोगिल्नी हा खाबारोव्स्कचा. बर्फावरील हॉकीत पोर असे तरबेज, की मॉस्कोच्या लष्करी संघाने त्याला उचलले, घडवले, सैन्यात हुद्दाही दिला. १९८८ साली ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळाले तेव्हा त्याला नुकती कुठे एकोणीस वर्षे पुरी झाली होती. १९८९ च्या मे महिन्यात स्टॉकहोमला सोव्हिएत संघ जगज्जेता ठरला, आणि हा गडी मायदेशी न परतता अमेरिकेत बफेलोस निघून गेला. सरकारने त्याला पळपुटा सैनिक ठरवले.

ऐन कमाईच्या दिवसांत घर सोडणारा कृतघ्न, असे आपल्याकडचे वडीलधारे म्हणतील. मास्तरकीमुळे माझाही ओढा प्रथम तिकडेच. पण वर्षाचे बहुतेक दिवस छावणीत कोंडून जे घडवले, त्याला ऋण म्हणावे की वेठ? त्याच वर्षी फेतिसोव्ह उघड झगडून, रीतसर परवानगीने अमेरिकेस गेला. ते अधिक शोभले, हे खरे. मात्र त्याच्यापाशी तिशीचे वय आणि पदकांची रास होती. विशीच्या पोराने कोणाच्या बळावर झगडावे?

१९९२-९३ च्या हंगामात मोगिल्नीने ७६ गोल केले. त्या जमाखर्चात मी मॉस्कोच्या गुरूंचे नाव जरूर मांडीन. पण पोराला दारात अडवणार नाही.