वाऱ्याची गाठ आणि आशीर्वादाचे पाणी



पावसाळ्याची बंदी उठली आणि दरवर्षीप्रमाणे बंदरावर होड्यांचा आशीर्वाद झाला. परतताना कॉलेजात शिकणारी आपल्या धर्मग्रामातील एक मुलगी माझ्याबरोबर चालत होती. तिने विचारले, "फादर, परदेशात काही तरुण मुली स्वतःला समुद्राच्या चेटकिणी म्हणवतात, तेही अभिमानाने. भरतीचं पाणी बाटलीत भरून ठेवतात, शिंपल्यांवर मंत्र म्हणतात, दोराला गाठी मारून इच्छा मागतात. कुणाचं वाईट करत नाहीत. मग त्यात चूक काय? आणि तुम्ही आत्ता होड्यांवर पाणी शिंपडलंत, ते तरी वेगळं कसं?"

मी म्हणालो, "ते वेगळं आणि हे वेगळं. आपण देवाचं नाव घेतो." ती गप्प बसली, पण तिला ते पटले नव्हते. खरे सांगायचे तर मलाही ते पुरेसे वाटले नाही. जादूटोणा करणारे पुष्कळजणही देवाचे नाव घेतातच. प्रश्न प्रामाणिक होता, उत्तर घाईचे होते. म्हणून आज या पानावर ते पुन्हा देण्याचा प्रयत्न करतो.

प्रथम हे मान्य करू या की बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतील. इथेही पाणी, तिथेही पाणी. इथेही ठरलेले शब्द, तिथेही ठरलेले शब्द. आणि दोन्हीकडे मनात एकच हाक असते: आमचा माणूस दर्यावरून सुखरूप परत येऊ दे.

ही हाक फार जुनी आहे. स्वीडनचे निर्वासित कॅथलिक आर्चबिशप ओलाउस मॅग्नस यांनी १५५५ साली रोममध्ये उत्तरेकडील लोकांविषयी एक मोठा ग्रंथ छापला. वाऱ्यावाचून अडकून पडलेल्या व्यापाऱ्यांना तिकडचे जादूगार पैसे घेऊन तीन गाठींचा दोर विकत, असे त्यात वर्णन आहे. पहिली गाठ सोडली की मंद वारा, दुसरी सोडली की जोराचा वारा, आणि तिसरी सोडली की वादळ. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवरील स्ट्रॉमनेस बंदरात बेसी मिली नावाची एक वृद्ध स्त्री सहा पेन्स घेऊन खलाशांना अनुकूल वारा मिळवून देत असे. लेखक वॉल्टर स्कॉट तिला १८१४ साली भेटले होते. शिडाच्या जहाजावर ज्यांचे पोट आहे आणि वारा ज्यांच्या हातात नाही, अशा माणसांनी सहा पेन्स दिले तर त्यांना हसण्याचा आपल्याला काय अधिकार?

माणूस जादूकडे केव्हा वळतो, याचा सर्वांत चांगला अभ्यास मासेमारी करणाऱ्या लोकांमध्येच झाला आहे. पोलंडमध्ये जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्हस्की पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळील ट्रोब्रियांड बेटांवर राहिले. तिथल्या लोकांच्या मासेमारीच्या दोन जागा होत्या. एक म्हणजे बेटाच्या आतल्या बाजूचे शांत, उथळ पाणी. तिथे ते वनस्पतीच्या विषाने मासळी गुंगवून पकडत. धोका नाही, मासळी हमखास. दुसरी जागा म्हणजे खुला समुद्र. तिथे जिवाची खात्री नाही आणि मासळीचीही नाही. मालिनोव्हस्की यांना आढळले की शांत पाण्यातल्या मासेमारीसाठी ते लोक कोणतीही जादू करत नाहीत. खुल्या समुद्रासाठी मात्र मंत्र-तंत्रांचा मोठा पसारा आहे. १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी हे मांडले. ते लोक अडाणी नव्हते. उत्तम होडी बांधत, वारे ओळखत. जिथवर त्यांचे कसब पोहोचे तिथवर ते कसबावर विसंबत. कसब जिथे संपे, तिथे जादू सुरू होई.

म्हणजे जादूचे मूळ दुष्टपणात नाही, भीतीत आहे. आणि भीती वाटणे हे पाप नाही. गालीलच्या सरोवरात वादळ उठले तेव्हा प्रेषितही घाबरले, आणि त्यांच्यातले काही जन्माचे कोळी होते. प्रश्न एवढाच आहे की त्या भीतीचे आपण काय करतो. तिथे दोन वाटा फुटतात.

प्रार्थना करणारा मागतो. ज्याच्याकडे मागतो तो ‘नाही’ म्हणू शकतो, हे त्याला ठाऊक असते. गेथशेमनी बागेत खुद्द प्रभू येशूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून विनवले, पण शेवटचा शब्द पित्यावर सोपवला. तो प्याला टळला नाही. जादू करणारा मागत नाही. तो चालवू पाहतो. योग्य शब्द, योग्य वेळ, योग्य वस्तू जमली की फळ आलेच पाहिजे, असा त्याचा हिशेब असतो. तिथे ‘नाही’ला जागाच नसते. शिमोन जादूगाराने पेत्राला पैसे देऊ केले ते याच समजुतीने. त्याला देव नको होता, देवाची शक्ती हाताशी हवी होती.

पण बंधूंनो, ही दुसरी वाट फक्त मंत्रवाल्याच्या घरी जाते असे समजू नका. ती देवळातूनही जाते. कुणी मला सांगतो, "फादर, इंजिनावर जरा जास्त पाणी मारा, मागच्या वर्षी फार त्रास दिला." मी मारतो, आणि विचारतो, मेकॅनिकला दाखवलंस का? आशीर्वादाचे पाणी म्हणजे इंजिनात घालायचे तेल नव्हे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी नेमका हाच प्रश्न घेतला होता: देववचन लिहून गळ्यात बांधावे काय? त्यांनी सरसकट मनाई केली नाही. पण सावध केले, की ते कसे लिहिले, कसे बांधले यावर भरवसा टाकाल तर ती अंधश्रद्धा होईल. आपल्या ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथही जादूटोण्याला विरोध करतो आणि त्याचबरोबर हेही सांगतो, की मनोभावाचा विचार न करता प्रार्थनेच्या किंवा पवित्र चिन्हांच्या केवळ बाह्य कृतीतच गुण आहे असे मानणे ही अंधश्रद्धा आहे. म्हणजे गळ्यातला क्रूसही ताईत होऊ शकतो. फरक क्रूसात पडत नाही, आपल्यात पडतो.

"पण फादर, गुण येतो ना!" असेही कुणी म्हणेल. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना सिसेरोच्या ग्रंथातील एक गोष्ट वाचली होती, ती अजून विसरलो नाही. सामोथ्रेस बेटावरील देवळात, नवस बोलून वादळातून वाचलेल्या लोकांची चित्रे टांगलेली होती. ती दाखवून एकाने डायागोरसला विचारले, आता तरी देवांचा हात दिसतो ना? तो म्हणाला, जे बुडाले त्यांची चित्रे कुठे आहेत? डायागोरस नास्तिक होता, पण त्याचा प्रश्न श्रद्धावंतानेही स्वतःला विचारावा असा आहे. बुडालेल्यांनीही प्रार्थना केली होती. आपल्या दफनभूमीत अशी नावे आहेत. त्यांची श्रद्धा कमी होती असे म्हणण्याची माझी छाती नाही.

आणि इथेच दोन वाटांमधला खरा फरक कळतो. तो यशात कळत नाही, अपयशात कळतो. प्रार्थना करूनही होडी परतली नाही, तर आपण रडतो, देवाला जाबही विचारतो, पण कुणाला दोषी धरत नाही. जादू मात्र फसली असे कधीच मान्य केले जात नाही. एकतर विधी चुकला, नाहीतर कुणीतरी उलटी करणी केली. आणि तो ‘कुणीतरी’ शोधला जातो.

हा शोध कुठवर जातो ते इतिहासात पाहा. १५८९ साली डेन्मार्कची राजकन्या अ‍ॅन स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स याच्याकडे विवाहासाठी निघाली. वादळामुळे तिच्या जहाजांना नॉर्वेत आसरा घ्यावा लागला. डेन्मार्कमध्ये जहाजांची तयारी नीट झाली नव्हती यावरून नौसेनापती आणि खजिनदार यांच्यात वाद पेटला. आणि या मोठ्या माणसांच्या वादात शेवटी वादळाचा दोष आला तो काही गरीब बायकांवर. १५९० साली कोपनहेगनमध्ये त्यांना चेटकिणी ठरवून जाळण्यात आले. मग स्कॉटलंडमध्येही शोध सुरू झाला. अ‍ॅग्नेस सॅम्पसन ही सुईणपण आणि औषधपाणी करणारी बाई. तिचा छळ करण्यात आला. राजाने स्वतः तिची चौकशी केली. एक मांजर समुद्रात टाकून वादळ उठवले, असे अखेर तिच्याकडून वदवून घेतले, आणि १५९१ च्या जानेवारीत तिला मारून जाळले. मासळीला किंवा वाऱ्याला यातले काही माहीत नव्हते. स्कॉटलंडमध्ये १५६३ ते १७३६ पर्यंत तो कायदा होता आणि जवळपास चार हजार लोकांवर असे आरोप झाले. त्यात स्त्रियाच जास्त. ८ मार्च २०२२ रोजी तिथल्या सरकारप्रमुखांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली. हे सारे ख्रिस्ती लोकांनी केले. कॅथलिक देशांतही असे खटले झाले, तेव्हा आपणही हात झटकून मोकळे होऊ शकत नाही.

आपल्या महाराष्ट्रात २०१३ साली, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची पुण्यात हत्या झाल्यानंतर, जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखादी व्यक्ती करणी करते, तिच्यामुळे इतरांवर दुर्दैव ओढवते, असे पसरवून तिचे जगणे कठीण करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. पण कुजबुजीवर पोलीस केस होत नाही.

आता मला माझी एक चूक तुमच्यापुढे मांडायची आहे. ती या धर्मग्रामातली नाही, पूर्वी मी जिथे होतो तिथली आहे. होड्यांचा आशीर्वाद चालू होता. एक विधवा बाई पुढे आली. तिचा नवरा दर्यावर गेला होता, त्याचा देहही मिळाला नव्हता. कुणीतरी तिला हळूच काहीतरी म्हटले. ती मागे सरकली आणि बोंबील सुकवायच्या मोकळ्या बांबूंमागे जाऊन उभी राहिली. मी ते पाहिले. माझ्या हातात आशीर्वादाचे पाणी होते, ओठांवर प्रार्थना होती, आणि मी पुढच्या होडीकडे वळलो. सणाच्या दिवशी वाद कशाला, असे मला वाटले. नंतर तिच्या घरी गेलो तेव्हा ती एवढेच म्हणाली, "फादर, त्यांची होडी रिकामी आली तर नाव माझंच येतं."

त्या दिवशी त्या बंदरावर जादू झाली होती. शिंपल्यांची नव्हे, मंत्रांची नव्हे. आम्ही सर्वांनी मिळून आपली भीती एका बाईच्या डोक्यावर ठेवली होती, आणि मी माझ्या गप्प राहण्याने त्यावर शिक्का मारला होता.

संत पौलाचा एक समुद्रप्रवास आठवतो. चौदा रात्री जहाज वादळात भरकटत होते. जहाजात २७६ माणसे. सर्वांचे प्राण वाचतील असे देवदूताने पौलाला सांगितले होते. तरीही खलाशांनी पाण्याचा ठाव घेतला, आधी वीस वाव, मग पंधरा वाव. वरामाच्या बाजूने चार नांगर टाकले. काही खलाशी लहान होडीतून पळू पाहत होते, तेव्हा पौलानेच शताधिपतीला बजावले, की हे जहाजात राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. देवाचे वचन हाताशी असताना पौलाला नांगरही हवा होता आणि खलाशीही हवे होते. मग माल्टा बेटावर त्याला साप डसला, आणि लोक म्हणाले, हा नक्की खुनी असणार. तो मेला नाही, तेव्हा तेच म्हणू लागले, हा देव आहे. संकट आले तर पापी, टळले तर देव! ही घाई आपल्यालाही नवीन नाही.

त्या मुलीला आता माझे उत्तर असे आहे. बाळ, भरतीचे पाणी, शिंपले, चंद्र आवडणे यात काहीच चूक नाही. ते देवानेच केले आहेत. आपले हिंदू कोळी बांधव नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देतात तेव्हा त्यांच्या मनात कृतज्ञता असते, तीही मी समजू शकतो. पण गाठ मारून समुद्राला बांधता येते, असे जिथे वाटू लागते तिथे थांब. आज तू म्हणतेस, कुणाचे वाईट होत नाही. ज्या दिवशी गाठ फळणार नाही, त्या दिवशी मन कुणाचे नाव शोधते ते पाहा. आणि माझ्या हातातल्या पाण्याकडेही त्याच नजरेने पाहा. त्या पाण्याने होडी बुडणार नाही अशी हमी मी देत नाही. तुमची होडी, तुमचे भय आणि तुमची माणसे मी देवाच्या हाती सोपवतो, एवढाच त्या पाण्याचा अर्थ. मग हवामान खात्याचा इशारा ऐकायचा, लाइफ जॅकेट घालायचे, वायरलेस चालू आहे की नाही ते पाहायचे. ते आपले काम आहे, आणि ते देवाने आपल्यावर सोपवले आहे.

शेवटी एक विनंती. पुढच्या वर्षी होड्यांच्या आशीर्वादाच्या वेळी, ज्या घरांतला कुणी दर्यावरून परतला नाही, त्या घरांतील बायकांनी आणि मुलांनी सर्वांत पुढे उभे राहावे. आशीर्वादाचे पाणी आधी त्यांच्या हातावर पडेल, मग होड्यांवर. ज्यांना हे अशुभ वाटेल त्यांनी माझ्याकडे यावे. या वेळी मी पुढच्या होडीकडे वळणार नाही.

तुमचा,
फादर