राजाला नव्हे, राजासाठी

अनेक ख्रिस्ती देवळांत रविवारी राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना होते. ज्याला मत दिलं त्याच्यासाठी, ज्याला पाडायला निघालो होतो त्याच्यासाठी, आणि उरावर बसलेल्यासाठीसुद्धा. आपल्यातल्या कुणी हे ऐकलं तर पहिला शब्द तोंडातून निघेल, 'लाचारी!' ज्यानं लाथ घातली त्याचंच भलं मागायचं? हा कसला धर्म?

दोस्तांनो, शिवी सोपी असते. नगरकडे आपल्याच जातीतली कितीतरी घरं मिशनऱ्यांच्या काळात ख्रिस्ती झाली. 1950 च्या अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांना 1990 साली जागा मिळाली, या ख्रिस्ती भावांना अजून नाही. आणि हेच लोक त्या सरकारसाठी प्रार्थना करतात. ती लाचारी आहे की आणखी काही, हे नीट बघायलाच पाहिजे.

बायबलात तीमथ्याला लिहिलेलं पहिलं पत्र आहे, पौलाच्या नावावरचं. त्याच्या दुसऱ्या अध्यायात सांगितलंय, सगळ्या माणसांसाठी प्रार्थना करा, राजांसाठी आणि अधिकाऱ्यांसाठीही, म्हणजे आपल्याला शांतपणे जगता येईल. तेव्हा राज्य रोमचं. ख्रिस्ती माणसं मूठभर, संशयातली, अधूनमधून मारली जाणारी. त्यांच्यावर आरोप काय, तर हे बादशहाला मानत नाहीत. इ.स. 197 च्या सुमारास कार्थेजच्या टर्टुलियननं त्यावर उत्तर लिहिलं. त्याचा मतलब असा की आम्ही बादशहासाठी प्रार्थना करतो, पण बादशहाला देव म्हणणार नाही.

'ला' आणि 'साठी'. प्रत्ययाएवढा फरक, पण सगळं राजकारण त्यात आलं. ज्याला प्रार्थना करायची तो देव. ज्याच्यासाठी करायची तो माणूस. चुकणारा, घाबरणारा, मरणारा, आपल्यासारखाच. म्हणजे ही प्रार्थना राजाला मखरातून खाली उतरवते. बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 ला घटना समितीत बजावलं होतं, की धर्मात भक्ती चालेल, राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. आज नेत्याच्या फोटोला हार घालून त्याच्या पायावर डोकं ठेवणारे आपल्यातही कमी नाहीत. त्यांच्यापेक्षा तो टर्टुलियन आपल्या जवळचा वाटतो.

पण थांबा. एवढ्यावर भुलायचं नाय. त्या पत्रातली मागणी परत वाचा. शांतपणे जगता यावं. कुणाला?

दक्षिण आफ्रिकेत बघा. तिथल्या गोऱ्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या सभेनं 1857 साली ठराव केला, की काहींच्या मनाच्या दुबळेपणामुळे वेगळी उपासना चालेल. दुबळे कोण? ज्यांना काळ्या माणसाशेजारी बसवत नव्हतं ते! आपल्याकडचे दोन पाणवठे आठवा. 1881 ला तर वेगळं चर्चच झालं. 1948 ला वर्णभेदाचं सरकार आलं, आणि या चर्चनं त्याला शास्त्राधार पुरवला. त्यांचीही सरकारसाठी प्रार्थना चालूच होती. त्यांना शांतता मिळत होती आणि काळ्या माणसाच्या खिशात पासबुक होतं. तो पास नसला की तुरुंग. अशी प्रार्थना म्हणजे मालकाच्या दारावरचा पहारा.

16 जून 1976 ला सोवेटोची पोरं रस्त्यावर आली. अफ्रिकान्स भाषेतून शिकायची सक्ती त्यांना नको होती. पोलिसांनी गोळ्या घातल्या. त्या दिवसाला नऊ वर्षं झाली तेव्हा, 16 जून 1985 ला, तिथल्या चर्चमधल्या लोकांनी अन्यायी राजवट संपावी म्हणून प्रार्थनेची हाक दिली. ॲलन बोसाक त्यात पुढे होते. त्यांचं म्हणणं असं, की आम्ही राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करत आलोय, शास्त्रात तसं सांगितलंय. पण आता त्याच शास्त्राला धरून आम्ही ही राजवट जावी म्हणून मागतो. चर्चच्या आतूनच बोंब झाली. सरकारसाठी प्रार्थना करायची असते, सरकार पडावं म्हणून कशी करता?

माझ्या मते इथंच गाठ सुटते. जुलूम करणाऱ्याचं भलं कशात आहे? त्याची खुर्ची टिकण्यात नाही. ती खुर्ची रोज त्याच्यातलं माणूसपण खात असते. ती हातातून सुटणं हेच त्याचं भलं. म्हणजे त्याच्यासाठी मागणं आणि त्याची सत्ता जावी म्हणून मागणं, हे एकच मागणं होऊ शकतं. त्याच साली सप्टेंबरात निघालेल्या 'कैरोस' जाहीरनाम्यानंही न्यायाशिवाय गोड समेटाची भाषा करणाऱ्या चर्चला खडसावलं.

फरक मात्र ठेवावा लागेल. नुसतं मत न पटणारा, पण निवडून आलेला माणूस वेगळा. त्याच्या हातून वस्तीत पाणी यावं असं म्हणावं, अन् पुढच्या निवडणुकीत त्याला पाडावं. माणसाला माणूस न मानणारी राजवट वेगळी. तिच्यासाठी एकच मागणं, ती संपावी.

कुणी म्हणेल, आपण बौद्ध, आपल्याला प्रार्थनेचं काय? बरोबर. मागायला आपल्यावर कुणी बसलेला नाही. पण मैत्री आपल्याला सांगितलेली आहेच, आणि ती शत्रूला वगळत नाही. मोर्च्यात आपण 'मुर्दाबाद' ओरडतो. त्याचा अर्थ 'मरो'. तेही मागणंच की! मग काय मरो? माणूस की त्याची सत्ता? 25 डिसेंबर 1927 ला महाडला बाबासाहेबांनी पुस्तक जाळलं, माणूस नाही. उत्तर तिथंच दिलेलं आहे.

प्रार्थनेनं वर्णभेद गेला असं मी म्हणणार नाही. संप झाले, बहिष्कार झाले, पोरं मेली, तेव्हा कुठं 27 एप्रिल 1994 ला काळ्या माणसानं मत टाकलं. गिरणीत साचा अडला तर हात जोडून चालत नाही, हात घालावा लागतो. पण हात घालण्याआधी आपल्याला काय हवंय ते मनात स्वच्छ पाहिजे. नुसता सूड हवा असेल तर उद्या त्याच खुर्चीवर आपला माणूस बसेल, आणि आपण त्याच्याही पाया पडू. त्याच्यासाठी काय मागायचं, ते आत्ताच ठरवून ठेवा.