तरुणांचा आत्मविश्वास व धंद्याची निवड

आपल्या सामर्थ्यावर भरवसा ठेवणे म्हणजे गर्व, असे कित्येक सत्प्रवृत्त वडीलधारी माणसे समजतात. घरातील मुलाने किंवा मुलीने एखादा मोठा मनोरथ बोलून दाखविला की, "हे आपल्यासारख्यांचे काम नव्हे," असे म्हणून ती त्यांस गप्प बसवितात. हेतू चांगला असतो. परंतु परिणाम काय होतो, ह्याचा विचार करणे अवश्य आहे.

आल्बर्ट बांडुरा (१९२५–२०२१) ह्या मानसशास्त्रज्ञांचा जन्म कॅनडातील मंडेअर नामक लहानशा गावी झाला. तेथे शाळा एकच, व वरच्या वर्गांस शिक्षक अवघे दोन. त्यामुळे विद्यार्थ्यांस पुष्कळसे आपले आपणच शिकावे लागे. ह्याच बांडुरांनी १९७७ साली असे प्रतिपादन केले की, मनुष्य एखादे काम हाती घेईल की नाही, व अडचणीत टिकेल की नाही, हे "मला हे साधेल" ह्या त्याच्या समजुतीवर फार अवलंबून असते. पुढे १९८१ साली अमेरिकेत नॅन्सी बेट्झ व गेल हॅकेट ह्या विदुषींनी कॉलेजातील तरुण-तरुणींची ह्या दृष्टीने पाहणी केली. इंग्रजी व गणित ह्यांत दोघांची योग्यता सारखीच आढळली. तरी पुरुषांचे म्हणून समजले जाणारे धंदे आपल्यास साधतील, असा भरवसा तरुणींस कमी वाटे. आणि जेथे भरवसा नसे, ते धंदे त्यांच्या विचारातही फारसे येत नसत. योग्यता अंगी असूनही वाट अशी मनातच खुंटते.

तर मग मुलांची तोंडभर स्तुती करावी काय? बांडुरांच्या मते, स्वतः काम तडीस नेल्याचा अनुभव हाच आत्मविश्वासाचा सर्वांत बळकट पाया होय. आपल्यासारख्याच कोणी ते केलेले पाहणे त्याच्या खालोखाल. पोकळ स्तुती पहिल्याच अपयशासरशी ढासळते. शिवाय ज्याच्यापाशी फीस पैसा नाही, त्यास केवळ "धीर धर" म्हणणे ही निष्ठुरता होय. भरवशाला संधीची जोड हवीच.

गर्विष्ठ मनुष्य आपणास शेजाऱ्याशी ताडून पाहतो. आत्मविश्वासी मनुष्य आपणास कामाशी ताडून पाहतो. हा भेद ओळखला म्हणजे वडीलधाऱ्यांचे कर्तव्य स्पष्ट होते. वाचकहो, घरचा हिशेब एकदा मुलीच्या हाती द्या. ती चुकेल, तिची चूक तिलाच शोधू द्या. आपण सहज उच्चारलेले "तुला जमणार नाही" हे शब्द आपण संध्याकाळी विसरतो. ती कदाचित जन्मभर विसरणार नाही.