बुजविलेला तलाव

परसांतील पोहण्याचा तलाव नकोसा झाला तर तो बुजवावा. यांत नीतीचा प्रश्न कोठून आला, असें वाचक विचारतील. कॅलिफोर्नियांतील घरमालकांस तो प्रत्यक्ष पडतो.

तेथें तलाव काढण्याच्या दोन रीती रूढ आहेत. एकींत सर्व काँक्रीट व सळ्या उखडून बाहेर नेतात, आणि खड्डा मातीचे थर दाबून भरतात. दुसरींत पाणी कोंडून राहूं नये म्हणून तळाला भोकें पाडतात, वरचा कांठ फोडतात, तोच राडारोडा आंत लोटतात व वर माती पसरतात. ही रीत पुष्कळच स्वस्त. हिरवळ उगवल्यावर दोहोंतील फरक दिसत नाहीं. तो कळतो पुढें कोणी त्या जागीं पाया खणूं लागला म्हणजे.

बुजविण्याचा हक्क मला मान्य आहे. २००७ सालीं बेकर्सफील्डच्या आसपास, कर्ज थकल्यामुळें ओस पडलेल्या घरांच्या तलावांत डांस माजले, आणि त्या वर्षीं तिकडे वेस्ट नाइल ज्वराचे रोगी फार वाढले. मुंबईकरांस ही कथा नवी नाहीं, डॉ. बेंटले यांनीं १९११ च्या अहवालांत हिंवतापाचा संबंध शहरांतील विहिरींशीं दाखविला होता. वडिलांनीं हौसेनें बांधलें म्हणून मुलांनीं जन्मभर शेवाळ काढीत बसावें, असा कांहीं धर्म नाहीं.

माझा आक्षेप आहे तो मौनावर. घेणारानें आपलें पारखून घ्यावें, हें तत्त्व बैल विकत घेतांना ठीक. जमिनीचें पोट कोण पारखणार? म्हणून तेथील कायद्यानें घर विकणारास, जागेंत भराव असल्याचें ठाऊक असेल तर, तें ठराविक पत्रकांत लेखी कळवावें लागतें. सांगितलें कीं किंमत उतरते, ही तक्रार खरी आहे. पण स्वस्त रीतींत वांचलेला पैसा म्हणजे पुढच्या मालकाच्या माथीं ढकललेला खर्चच नव्हे काय? मग किंमत उतरली तर अन्याय कोणता झाला?

अडचण आहे ती 'ठाऊक असेल तर' या शब्दांत. दोन-तीन विक्र्या झाल्या कीं ठाऊक असलेला मनुष्यच उरत नाहीं, आणि विकणारा प्रामाणिकपणें 'नाहीं' असें लिहितो. तेव्हां हें कर्तव्य समोरच्या गिऱ्हाइकापुरतें नाहीं; कधीं भेटणार नाहीं अशा चौथ्या मालकापर्यंत तें पोंचतें. तलाव कोठें होता, किती खोल होता, आंत काय टाकलें, एवढा नकाशा बुजवितानांच काढून घराच्या कागदपत्रांत ठेवावा. त्याला एक दुपार पुरते.