भास आणि घरची माणसं

कुणी बोलत नसताना कानावर आवाज येतात, शेजारी पाळत ठेवून आहेत असं ठाम वाटतं. स्किझोफ्रेनियात हे त्या माणसाला अगदी खरं असतं. वाद घालून ते जात नाही. घरचे मात्र आधी बाहेरची बाधा शोधतात, अंगारे-धुपारे करतात, आणि उपचारांचे मोलाचे महिने निघून जातात. कॅनडातल्या कॅलगरीत संख्याशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीचा हा आजार जवळून पाहिला आणि १९९७ मध्ये पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ उभी केली, रुग्णांसाठी आणि थकलेल्या घरच्यांसाठीही. हा थकवा खराच असतो: रोजच्या गोळ्या, रात्रीची जागरणं, लोकांच्या नजरा. असं घर ओळखीचं असेल, तर चहाला जरूर जा. गप्पांत आजारी माणसालाही घ्या. त्याच्यादेखत त्याच्याविषयी कुजबुजू नका.