बुडबुडा दिसल्याशिवाय पाना उचलायचा नाही

आउटबोर्डच्या पंख्यामागे, बेअरिंग कॅरिअरच्या कडेने एम-सीलची वळी फिरवलेली आहे आणि तिच्यावर अंगठ्याचा ठसा उमटलाय. तेव्हा कोणी लावलं, हे मी विचारत नाही. का लावलं, तेवढं सांग.

ऑइल गळत होतं म्हणून. बरं. कुठून गळत होतं?

खाली बघू नकोस, माझ्याकडे बघ. कुठून, ते तुला ठाऊक नाही. ठाऊक नसताना तू पुट्टी मळलीस, फासलीस आणि वरून रंगही मारलास. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! अरे, गिअरकेस ही बंद पेटी आहे. तिला बाहेर जायला दारं किती? ऑइलच्या दोन स्क्रूंचे वॉशर, पंख्याच्या शाफ्टवरची सिलं, कॅरिअरची ओ-रिंग, वॉटर पंपाखालचं ड्राइव्ह शाफ्टचं सील, गिअर टाकायच्या रॉडचं सील, आणि फारच वाईट नशीब असेल तर ओतकामातली चीर. संपली दारं. चोर यांतल्याच एकातून आलाय आणि तू भिंतीला गिलावा करत बसलास.

आता दुसरं. काढलेलं ऑइल कसं होतं? पांढरट, दुधी. मग ते गेलं कुठे? ओतून टाकलंस! इंजिन रात्रभर उभं ठेवून सकाळी खालचा स्क्रू नुसता सैल केला असतास, तर तळाला बसलेलं पाणी आधी बाहेर आलं असतं आणि किती शिरलंय ते डोळ्यांना दिसलं असतं. त्या स्क्रूच्या चुंबकावर काय होतं? बारीक करडा लगदा असेल तर तो जुन्या गिअरचा नेहमीचा झिजवटा. नखात धरता येईल असा कपचा असेल तर गिअरचा दात गेलेला. तू काय केलंस? चिंधीने पुसून स्क्रू परत लावलास. रोग्याचा रिपोर्ट न वाचता फाडणारा डॉक्टर तुला चालेल का?

मुळात तुझं दुखणं ऑइल बाहेर जातंय, हे नाहीच. समुद्र आत येतोय, हे आहे. इंजिन चाललं की गिअरकेस तापते, आतली हवा आणि ऑइल फुगतं, फाटक्या सिलातून थोडं बाहेर पडतं. मग नाखवा जाळं ओढायला इंजिन बंद करतो. पेटी थंड पाण्यात निवते आणि आत ओढ तयार होते. त्या ओढीने खारं पाणी त्याच वाटेने आत शिरतं. दर खेपेला हेच. आणि 1 जूनला मासेमारीची बंदी लागली की तेच इंजिन 31 जुलैपर्यंत पडवीत स्टँडवर. पाणी तळाला, बेअरिंग पाण्यात, बाहेर धो धो पाऊस. नारळी पौर्णिमेनंतर गडी दोरी ओढतो, गिअर टाकतो, आणि आतून कडकड आवाज येतो. एका सिलाच्या किमतीचं काम पूर्ण गिअरसेटवर जातं. तो खर्च तू देणार आहेस? त्याच्या घरात होडीवर किती माणसं जेवतात, ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तू त्याच वाडीतला.

म्हणे, सिलं बदलली होती. नवी बदलली, तरी पुन्हा गळलं का, हा प्रश्न पडला नाही? पंखा काढलास तेव्हा थ्रस्ट वॉशरमागे तंगूस गुंडाळलेला होता. तो तू कापून फेकलास, कचरा समजून. तोच गुन्हेगार होता! पंख्याबरोबर फिरत फिरत तंगूस शाफ्टवर आवळत जातो, तापतो, सिलाच्या ओठाखाली घुसतो आणि ओठ चिरतो. म्हणून बंदरात आल्यावर मधूनमधून पंखा उतरवून बघायचा असतो. हे नाखव्याला सांगणं तुझं काम होतं.

आणि शाफ्ट? सील जिथे टेकतं तिथे नख फिरव. आत्ता, माझ्यासमोर. लागली खाच? वर्षानुवर्षं एकाच जागी ओठ घासून शाफ्टवर चर पडलीय. त्या चरीत जगातलं कुठलंही नवं सील ठेवलंस तरी गळणारच. त्यावर पातळ स्टीलची स्लीव्ह चढवायची. किंवा जागा असेल तर सील किंचित पुढे-मागे बसवायचं, म्हणजे ओठ कोऱ्या धातूवर फिरेल. नाहीतर सरळ शाफ्ट बदलायचा. पॉलिश पेपरने चर घासून घालवायच्या भानगडीत पडू नकोस. चर जाते, पण तिच्याबरोबर शाफ्टची जाडीही जाते.

बसवलंस तेही हातोडी आणि स्क्रूड्रायव्हरने. कड वाकलेली मला इथून दिसते. बाहेरच्या मापाचा पाइपचा तुकडा घेऊन सरळ दाबलं असतं तर काय हात झिजणार होते? ओठ कुठल्या तोंडाचा होता, जुनं काढताना पाहिलंस का? नाही. ओठांमध्ये ग्रीस भरलंस का? तेही नाही. कोरडं सील पहिल्या फेऱ्यातच जळतं.

आता नीट ऐक. गिअरकेस वरच्या लेगपासून सोडव, वॉटर पंप उतरव. इम्पेलर हातात आलाच आहे तर तोही बघून घे. ऑइल पूर्ण काढ, खालचा स्क्रू नव्या वॉशरसकट बसव, वरच्या भोकात ॲडॅप्टर लावून गेजवाला हातपंप जोड. कंप्रेसरची नळी थेट लावलीस तर कान उपटीन. आधी 5 पीएसआय, आणि थांब. तू थांबत नाहीस, हीच तुझी खोड. जास्त दाबाखाली अर्धमेलं सील शाफ्टला घट्ट चिकटतं आणि पास झाल्यासारखं वाटतं. ते उघडं पडतं कमी दाबातच. मग हळूहळू वर ने, 10 ते 15 च्या दरम्यान मॅन्युअल सांगेल तिथवर. पुढे गेलास तर चांगलं सीलही फेकलं जाईल. अख्खी पेटी पाण्याच्या पिंपात बुडव. दोन्ही शाफ्ट हाताने फिरव, गिअर टाक आणि काढ, पंख्याचा शाफ्ट बाजूला रेटून बघ. स्थिर शाफ्टवर न गळणारं सील फिरताना गळतं. बुडबुडा जिथून येईल तिथे मार्करने खूण कर.

एवढ्यावर सुटका नाही. समुद्र आत ओढला जातो, हे मघाशी सांगितलं ना? मग ओढीची परीक्षाही घ्यायची. व्हॅक्यूम पंप लाव. काटा खाली येऊ लागला तर संशयित सिलाभोवती थोडं ऑइल सोड. काटा थबकला की दार सापडलं.

भरतानाही तुझा जुना उद्योग नको, वरून नरसाळं लावून ओतायचा. ऑइल खालच्या भोकातून चढवायचं, वरच्यातून बुडबुड्याशिवाय अखंड येऊ लागलं की आधी वरचा स्क्रू बंद करायचा, मग खालचा. कधी एखादं जुनं जॉन्सन किंवा एव्हिनरूड हाती आलं तर त्या स्क्रूशेजारचा चौफुलीचा स्क्रू ऑइलचा समजून फिरवू नकोस. अनेक मॉडेलांत तो गिअर बदलायच्या यंत्रणेची खीळ धरून असतो. एकदा निघाला की पेटी उघडण्यावाचून गत्यंतर नाही. आणि हे काय, जस्ताच्या ॲनोडलाही रंग फासलास? त्याने झिजायचं, म्हणजे ॲल्युमिनियम झिजत नाही. रंगवलास म्हणजे त्याला सुट्टी दिलीस, आणि गिअरकेसला कामाला लावलंस! तो रंग आधी खरवड.

एम-सील लाकडी पट्टीने काढ, छिन्नीने नाही. नाखव्याला फोन तू करायचास, मी नाही. काय केलं होतंस ते सगळं सांगायचं, मजुरी मागायची नाही. आणि काढलेले सगळे वॉशर माझ्या टेबलावर आणून ठेव. मोजून घेणार आहे.